एक थेंबही न पिता

नाही मॅडम, मैदानाकडे नाही वळायचं — सरळ, सरळच घ्या. आज ते आठचे आकडे नकोत, आज मोठा रस्ता. माझ्याकडे बघू नका, समोर बघा. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे ना तुमची? मग मोठ्या रस्त्याची सवय नको व्हायला? ब्रेक माझ्या पायाखाली पण आहे, पहिल्याच दिवशी दाखवलाय मी तुम्हाला, तुमचा चुकला तरी माझा लागतो — आणि गाडीवर शिकाऊची एवढी मोठी पाटी आहे, लोक आपोआप लांब राहतात. क्लच हळू सोडा. हळू. अजून हळू. हां, असं. तीस वर्षं पोरांना गणित शिकवलंत तुम्ही, किती पोरं तुमच्यासमोर फळ्यापाशी चळाचळा कापली असतील, आणि तुम्ही एका ट्रकला घाबरता? तो तुम्हाला घाबरलाय मॅडम, बघा कसा अंग चोरून गेला. दुसरा टाका आता. टाका, टाका, गाडी कण्हायला लागली.

काय म्हणालात? फोन? हो, बघतोय. मीच सांगतो ना दर वेळी, गाडीत बसल्यावर फोन पर्समध्ये — बरोबर आहे, मीच सांगतो. पण माझ्या हातात स्टिअरिंग नाही, म्हणून चालतं. म्हणजे चालत नाही खरं तर, पण आज चालवून घ्या. घरचं आहे जरा. आमची ही दवाखान्यात आहे. नाही, नाही, तसं काही नाही — नववा सरत आलाय, दर आठवड्याची तपासणी असते, सकाळी एकटीच गेली बसनं. मी म्हटलं होतं येतो म्हणून, तर म्हणाली, तेच ते वजन आणि तेच ते बी.पी., तू कशाला तास बुडवतोस, बाळ आल्यावर घे काय ती सुट्टी. गेली. आणि तासाभरात तिकडून फोन, ठेवून घेतलंय म्हणून — आरसा बघितलात का? आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान. तुम्ही एकदम मानच वळवता, आणि मान वळली की हात पण वळतात. समोर बघा.

सिग्नल लाल आहे, थांबा. न्यूट्रल करा. आता थांबलोय तर खरं सांगून टाकतो. हा रस्ता तुमच्या परीक्षेसाठी नाही. दवाखान्याकडे चाललोय आपण. मी तुम्हाला फोन करून आजचा तास रद्द करणार होतो, फोन हातात घेतलाही होता. गाडीत येऊन बसलो, म्हटलं सुरू करू आणि मग फोन करू, तर किल्ली भोकात जाईना. हे बघा, हात बघा माझे. अकरा वर्षं शिकवतोय, माझ्याकडे अशी माणसं आलीत की ज्यांनी मला भिंतीवर नेऊन घातलंय, पण हात कधी असे झाले नव्हते. मग मनात आलं, तुमचा दहाचा तास आहेच, चार-पाच किलोमीटरचा तर रस्ता, पाय माझे ठीक आहेत — ब्रेकवर पाय ठेवून बसता येतं मला. रागावला असाल तर रागवा. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, कारण तुम्ही शहाण्या आहात. हिरवा झाला, काढा गाडी. पहिला, पहिला टाका — बंद पडली. हरकत नाही. वाजवू दे त्याला हॉर्न, त्याचा हॉर्न, त्याची बॅटरी. पुन्हा. क्लच पूर्ण दाबा, किल्ली फिरवा. हां. चला.

काय झालंय म्हणून विचारताय ना? मला पण नीट माहीत नाही, तेच तर आहे. तिला साखर आहे. म्हणजे आधी नव्हती, या गरोदरपणात आली. सहाव्या महिन्यात ते गोड पाणी प्यायला देतात आणि तासाभरानं रक्त काढतात बघा, त्यात निघाली. माणसं म्हणतात खादाड असेल, बसून असेल, जाड असेल. जाड? तुम्ही बघितली नाहीत तिला. आमच्या घरी तिला काडी म्हणतात. लग्नात माझ्या आत्यानं तिला बघून विचारलं होतं, हिला वाऱ्याच्या दिवशी घरात ठेवता ना रे? चष्म्याच्या दुकानात काम करते ती, भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम, दिवसभर त्या छोट्या यंत्रापाशी वाकून बसलेली, आणि खाणं म्हणजे चिमणीचं. तरी साखर. मग काय, वही आली, सुया आल्या, चार वेळा बोट टोचायचं, ते छोटं मशीन आणि त्यावरचा आकडा. ती डाव्या हाताची करंगळी नाहीतर तिच्या शेजारचं बोट टोचायची, बाकीची नाही, कारण बाकीची बोटं भिंगाला लागतात, दुखतात. आकडे मी लिहायचो. आधी नुसतं खाण्यापिण्यावर होतं, जेवण झालं की अर्धा तास गल्लीत फेऱ्या — मी पण जायचो बरोबर, माझंच पोट उतरलं त्यात — पण आकडे काही खाली येईनात, मग इन्सुलिन. स्वतःच टोचून घेते पोटाला, माझी आई तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसते. पुढची बस थांबणार आहे, तिचे मागचे दिवे बघा. ब्रेक. थोडा. पोटात ढवळेल असा नको, थोडा.

तर त्या वेळी डॉक्टर — आमच्या डॉक्टर म्हणजे तुमच्याच वयाच्या आहेत, बोलायला मोजक्या — त्यांनी वही बघितली, हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, तू बारीक, वय कमी, घरात कुणाला मधुमेह नाही, मग तुझी साखर एवढी हट्टी का? पोटाची सोनोग्राफी कधी झाली होती का गं, बाळाच्या आधी? लिव्हरवर चरबी आहे असं कुणी बोललं होतं? आणि मॅडम, मी तिथं शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. मला — चौक आलाय, गोल फिरायचंय, आतल्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं. थांबा. ही जाऊ द्या. ही पण. आता. आता जा ना, विचार कसला करताय, जा. हां. बाहेर पडताना इंडिकेटर. छान. परीक्षेत असं केलंत तर एका फेरीत पास.

कुठं होतो मी — हां, लिव्हर. आमच्या घरात हा शब्द कुणी बोलत नाही. माझा बाप लिव्हरनं गेला. प्यायचा. खूप प्यायचा. शेवटी पोट असं फुगलेलं, हातापायाच्या काटक्या आणि डोळे पिवळे, आईनं दोन वर्षं त्याच्या अंथरुणाशी काढली. मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हापासून लिव्हर म्हणजे काय, तर दारू. दुसरा अर्थच नाही आमच्याकडे. आणि डॉक्टर सांगतायत, दारूचा काही संबंध नाही, एक थेंब न पिणाऱ्यांना पण होतं हे, बारीक माणसांना पण होतं, आजकाल खूप दिसतं. त्यांनी समजावलं आम्हाला नीट. की लिव्हर साखर साठवून ठेवतं आणि लागेल तशी रक्तात सोडतं, आणि इन्सुलिन त्याला सांगतं, आता बास, आता सोडू नको. पण लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही, सोडतच राहतं. त्यात गरोदरपणात बाळाच्या नाळेला जी वार असते, तिच्यातून जे काय रस येतात, ते तर सगळ्याच बायकांचं इन्सुलिन थोडं ढिलं पाडतात — बाळाला खायला मिळावं म्हणून. बाकीच्यांचं शरीर ते सांभाळून घेतं. जिच्या लिव्हरवर आधीच चरबी आहे, तिचं सांभाळायचं सामानच अर्धं खर्च झालेलं असतं. मला लगेच कळलं, कारण आमच्या धंद्यात ते असतंच — ब्रेकच्या पॅडला तेल लागलं की तुम्ही कितीही दाबा, पॅड नुसतं घसरतं आणि गाडी थांबत नाही. म्हणजे चरबी असली की साखर होणारच असं नाही हं, ते त्या दोनदा बोलल्या. शक्यता वाढते, आणि लिव्हर आपण बाळंतपणानंतर नीट तपासू, म्हणाल्या. पण तसं काही असेल आणि ते आधी कळलं असतं, तर मी सहाव्या महिन्यापर्यंत थांबले नसते, पहिल्या भेटीतच साखर बघितली असती, तीन महिने हातात मिळाले असते. तीन महिने. ते वाक्य त्या सहज बोलून गेल्या आणि प्रिस्क्रिप्शन लिहायला लागल्या.

तिसऱ्यात या. हो, तिसऱ्यात, तुम्हाला जमतं, तुम्ही फक्त मानत नाही. रस्ता मोकळा आहे.

मग ही काय म्हणाली माहितीय? म्हणाली, झाली होती की सोनोग्राफी, दुकानातून सगळ्यांची तपासणी केली होती विम्यासाठी, रक्त पण काढलं होतं, पण रिपोर्ट काही आलाच नाही माझा. बाकीच्या मुलींचे आले. आणि माझ्याकडे वळली — आला होता का रे? मी म्हटलं, नाही.

असं एकदम ब्रेक मारू नका मॅडम. मागून येणारा आपल्या डिकीत येऊन बसेल. रस्त्याकडे बघा, मी बोलतोय ते कानानं ऐका.

आला होता. घरच्या पत्त्यावर आला होता, जाड पाकिटात. दीड वर्ष होऊन गेलं. ती कामावर होती, आई देवळात — मी घरी एकटा, पाकीट उघडलं. तिचं नाव होतं पाकिटावर, माझं नव्हतं, पण उघडलं. नवरा-बायकोत काय एवढं, असं वाटतं ना तेव्हा. त्यात लिहिलं होतं, लिव्हरवर चरबी, पहिली पायरी, आणि रक्ताचे दोन आकडे जाड अक्षरात, शेजारी बाण वर. खाली एक ओळ — डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. बास. एवढंच. घाबरण्यासारखं काही नव्हतं त्यात, आता वाचलं तर तुम्ही पण म्हणाल, ह्यात काय. पण मी तो एकच शब्द वाचला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मला बापाचे डोळे दिसले. आणि मॅडम, पुढचं मी कुणालाच बोललो नाही आजपर्यंत, तुम्हाला का सांगतोय ते पण कळत नाही, कदाचित तुम्ही माझ्याकडे बघत नाही म्हणून — मला वाटलं, ही पिते.

हो. हीच, काडी. मला वाटलं, मला चोरून कुठंतरी पिते. हसू येईल तुम्हाला. मला नाही आलं. कारण मला आठवलं, की संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांना वास येतो. खरंच यायचा, स्पिरिटसारखा. आधी मी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर दुसरं काही लक्षातच येईना. मी तिच्या पाण्याच्या बाटलीचा वास घ्यायचो. ती आंघोळीला गेली की पर्स उचकायचो. एकदा तिनं पकडलं मला, बाटली नाकाशी धरलेली, तर म्हटलं, कुबट वास येतोय, धुऊन ठेवतो — आणि धुतली पण. केवढी खूश झाली ती. आईला सांगत होती, बघा, तुमचा मुलगा माझी बाटली धुतोय. चार महिने असा वागलो मी. मग एक दिवस दुपारी राहवेना, तिच्या दुकानासमोर गेलो, समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो, काचेतून आत बघत. ती जेवायला उठली तेव्हा सुद्धा बघत होतो. आणि परत येऊन बसली, आणि एका छोट्या बाटलीतनं फडक्यावर काहीतरी घेतलं आणि भिंग पुसलं, मग दुसरं, मग तिसरं. त्या भिंगं पुसायच्या पाण्याचा वास होता तो. दिवसाला शंभर भिंगं पुसत असेल.

तेव्हा द्यायला पाहिजे होता तो रिपोर्ट. त्याच संध्याकाळी. मी ठरवलं पण होतं. पण ती विचारणार, कधी आला? चार महिन्यांपूर्वी. मग दिला का नाहीस? आता काय सांगायचं तिला — मला वाटलं तू माझ्या बापासारखी आहेस? म्हटलं, नको. ती ठणठणीत दिसतेय, कामाला जाते, हसते, होईल काय. एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचा जाब द्यावा लागतो, नाही का, आणि मग माणूस तोंडाला कुलूपच लावून टाकतो. आणि मग थोड्या महिन्यांनी ती एक दिवस घरी आली आणि म्हणाली, दोन महिने झालेत. मी तर नाचलो. आई रडली. त्या गडबडीत तो कागद — नाही, विसरलो नव्हतो मी. खोटं कशाला बोलू. रोज आठवायचा.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी ते सगळं विचारलं, आधीचे आजार, लिव्हर, किडनी, काय काय. ती नाही, नाही, नाही सांगत होती आणि मी शेजारून म्हटलं, एकदम ठणठणीत आहे, डॉक्टर. कुणी मला विचारलंही नव्हतं. आणि नंतर ती साखरेची भानगड झाल्यावर तिनं त्या तपासणीवाल्यांना फोन लावले, दुसरी प्रत मिळेल का म्हणून. ती लॅब बंद झालेली. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, गेलं, मिळत नाही. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. स्वतःचीच किळस आली नंतर, पण आधी हायसं वाटलं.

पुलावर चढतोय आपण. गियर खाली आणा, दुसरा. चढाला गाडी दमते. मध्येच सोडू नका अ‍ॅक्सिलरेटर. मी आहे, मी आहे इथं, मागं नाही जाणार गाडी. हां, बघा, आलो वर.

आज सकाळी फोन आला तो तिच्याच फोनवरनं आला, पण बोलल्या डॉक्टर. म्हणाल्या, बी.पी. वाढलंय. लघवीत थोडं प्रोटीन जातंय. आणि रक्तात लिव्हरचे आकडे वाढलेत. आता मला एवढंच कळायला हवं, की हे आकडे आधीपासूनच वर आहेत का याच आठवड्यात वर गेलेत. आधीपासूनचे असतील तर आपण आज शांतपणे कळा सुरू करू, बाळाचे दिवस भरलेतच. याच आठवड्यातले असतील तर मात्र हे दुसरंच काहीतरी असू शकतं, मग मला घाई करावी लागेल, रक्ताची तयारी ठेवावी लागेल, मोठ्या दवाखान्यात हलवायचं का तेही बघावं लागेल. ती म्हणते जुना रिपोर्ट मिळालाच नाही. घरात एकदा नीट शोधता का? मी म्हटलं, शोधतो. शोधायचा काय — या सीटच्या कव्हरच्या आत आहे, दीड वर्ष मी त्याच्यावर बसून गाडी शिकवतोय. फोन ठेवल्यावर मी वेड्यासारखा मोबाईलवर वाचत बसलो, गरोदरपण, लिव्हर, आणि एक असलं भयंकर काहीतरी निघालं, एका दिवसात आई आणि बाळ दोघंही — नको. डॉक्टर मागेच बोलल्या होत्या, त्याच्या नावात पण लिव्हरची चरबीच आहे पण तो आजार वेगळा, फार क्वचित होतो, तू मोबाईलवर वाचू नकोस. पण आता त्याच तर शंका घेतायत ना, मग? मग वेगळा कसा?

काय?

फोटो.

हो, मोबाईलवर फोटो काढून पाठवता आला असता. तासाभरापूर्वीच. तुम्ही बरोबर बोलताय. तुम्हाला अर्ध्या मिनिटात सुचलं ते मला सुचलं नसेल असं वाटतं का? सुचलं. पण डॉक्टरांचा नंबर नाही माझ्याकडे, फक्त तिचा आहे. म्हणजे पाठवला की आधी ती बघणार. मी म्हटलं, स्वतः जातो, डॉक्टरांना बाजूला बोलावतो, गुपचूप त्यांच्या हातात देतो, म्हणतो, माळ्यावर सापडला. असं ठरवून निघालोय. आणि इकडे तासभर त्या बाया रक्ताच्या पिशव्या मागवत असतील माझ्यामुळे.

बाजूला घ्या गाडी. इथं, त्या टायरच्या दुकानाच्या पुढं. इंडिकेटर. हँडब्रेक. उतरू नका. कव्हरची चेन अडकलीय — आला. हे बघा. हेच ते. दोन पानं. धरा जरा तुम्ही, मी फोटो काढतो. सरळ धरा, आकड्यांवर बोट नको. दुसरं पान. हां. तारीख पण आली यात, वरच्या कोपऱ्यात. कापून टाकू का तारीख? — नाही, नाही, कशी कापू, डॉक्टरांना तीच तर पाहिजे. माझ्याकडे तुम्ही असं का बघताय? दाबतोय. दाबलं.

गेलं.

दोन टिक आल्या. निळ्या नाही झाल्या. चला, बसून काय होणार, काढा गाडी. आरसा बघा. आरसा, इंडिकेटर, मान. अजून नाही झाल्या. पेट्रोल पंपाच्या पुढं उजवीकडे, ती पांढरी इमारत. झाल्या. निळ्या झाल्या. मॅडम, हळू, हळू, फाटक अरुंद आहे. रुग्णवाहिकेसमोर नको, तिकडे झाडाखाली लावा. राहू दे तिरकी. बंद करा.

आला. फोन आला. — हां डॉक्टर. — हो, मीच. — हो, दोन्ही पानं एकाच दिवसाची आहेत. — नाही, त्यानंतर पुन्हा तपासणी नाही केली. — नाही, तिला माहीत नव्हतं. तिची काही चूक नाही डॉक्टर, तिला हे — नाही. माझ्याकडे होता. मला माहीत होतं. — हो. — हो डॉक्टर. — म्हणजे जवळपास तेवढेच आहेत? — आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी? — बरं. बरं. — बाळाचे ठोके? — हो, आलोय, खालीच आहे. — द्या ना. द्या तिला. — हां, बोल. — हो. — हो. — बरं.

ठेवला.

आकडे तेव्हा होते जवळपास तेवढेच आहेत, थोडेसेच वर. म्हणजे लिव्हरचं जुनंच आहे. बी.पी.वर औषध दिलंय, बाकी रक्त चांगलं आहे, कळा आणायचं औषध आता सुरू करतायत, इथंच, कुठं हलवायचं नाही. संध्याकाळपर्यंत होईल म्हणाल्या. बाळ जरा मोठं आहे, झाल्या झाल्या त्याची साखर बघावी लागेल, कधी कधी एकदम उतरते म्हणे, त्यासाठी बालरोगवाले थांबलेत. आणि बाळंतपण झालं की हिचं लिव्हर आणि साखर दोन्ही तपासत राहायचं, हे असं संपत नाही, दर वर्षी बघायचं म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं रागावतील. नुसतं म्हणाल्या, हा कागद मला सात महिने आधी पाहिजे होता. आणि फोन हिच्याकडे दिला.

ही? ही म्हणाली, तारीख वाचली मी. डॉक्टरांच्या आधी मीच वाचली.

मी नुसतं हो म्हटलं. मागं ते ठोक्यांचं मशीन ऐकू येत होतं, भराभर, मला वाटलं घोडा पळतोय का काय. मग म्हणाली, आईंना आत्ता आणू नको. एकटा ये. आवाज साधा होता हो. रडली असती, ओरडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. भाजी आणायला सांगावी तसा आवाज.

नाही, मी जाणारच आहे. जातोय ना. कुठल्या मजल्यावर ते पण विचारलं नाही मी — चौकशीच्या खिडकीत सांगतील. तुम्ही चांगली चालवलीत गाडी, मॅडम, पुलावर तर एकदाही मागं नाही आलात, परीक्षेची काळजी सोडा. उतरा आता. किल्ली द्या इकडे. बसचा थांबा फाटकाच्या बाहेरच आहे, तुमच्याकडची बस दर दहा मिनिटांनी असते. नाही, थांबू नका माझ्यासाठी. मी आत जाऊन तिला काय सांगणार, ते तुम्ही थांबलात म्हणून काही — नको. तुम्ही जा. दार राहू दे तसंच, मी लावतो. जा म्हटलं ना, मॅडम.